बिनपलटणीचे कर्नल

कर्नल वाचनालयात आले की काउंटरवरच्या बाई आधी घड्याळाकडे बघतात आणि मग कार्डाकडे. काल संध्याकाळी नेलेलं चारशे पानांचं पुस्तक आज सकाळी दहाला परत आलेलं असतं. कर्नल ते पिशवीतून काढतात, आपटत नाहीत पण आपटल्यासारखं ठेवतात आणि निकाल देतात, "भिकार!"

"काका, मग रात्रभर जागून वाचलंत कशाला?"

"म्हणजे काय? वाचल्याशिवाय भिकार कसं म्हणणार?"

हे कर्नल कुठल्याही पलटणीत नव्हते. हयात गेली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, पण हिशेबखात्यात. दारूगोळ्याशी संबंध आला तो व्हाउचरवर. कॉलेजात असताना एनसीसीत पालथं पडून पॉइंट टूटू रायफलीने गोळ्या झाडल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याचशा शेजारच्या पोराच्या टार्गेटवर लागल्या आणि त्या पोराला बक्षीस मिळालं, असं ते स्वतःच सांगतात. कर्नल हा हुद्दा वाचनालयातल्या मंडळींनी बहाल केलेला. त्यांनी तो नाकारला नाही. ब्रिगेडियर केलं असतं तर कदाचित संकोच वाटला असता.

असे कर्नल ठाण्यात आहेत, मिरजेत आहेत, नाशिकरोडलाही आहेत. सामाजिक कादंबरीला ते हात लावत नाहीत. "सहाशे पानं नुसती घुसमट" असा त्यांचा अभिप्राय असतो. त्यांना पाहिजे शत्रूच्या मुलखात उतरणारी चार-पाच माणसं, एक अशक्य कामगिरी आणि आपल्यातच एक फितूर. अ‍ॅलिस्टर मॅक्लीन हे त्यांचं दैवत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात असलेला आणि पुढे शाळामास्तर झालेला माणूस. मास्तर असल्यामुळेच त्याच्या कथेला शिस्त आहे, हे कर्नलांचं मत. ‘द गन्स ऑफ नॅव्हरोन’ १९५७ साली आली, १९६१ साली तिच्यावर सिनेमा निघाला. सिनेमावाल्यांनी कादंबरीत नसलेल्या बायका घातल्या, शिवाय फितूरही बदलला, याचा राग कर्नलांना आजही आहे. "आता कळस ऐका. पुढचा भाग मॅक्लीननेच लिहिला, १९६८ साली, आणि तो स्वतःच्या कादंबरीवरून नाही, सिनेमावरून पुढे नेला! आपल्याच पोराला सोडून शेजाऱ्याचं दत्तक घ्यावं?" हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कातर होतो.

त्यांच्या समीक्षेचा कायदा समजायला मला वेळ लागला. नायकाच्या खांद्यात गोळी बसते, तो दातांनी शर्टाची पट्टी फाडून जखम बांधतो आणि त्याच हाताने दोर धरून भर पावसात कडा चढतो. याला हरकत नाही. "जिद्द असते हो!" तापाने फणफणलेला माणूस दोन पहारेकरी लोळवतो. चालेल. नायकाला जर्मन, ग्रीक आणि कसलीशी डोंगरी बोली अस्खलित येते. चालेल. पण त्याच नायकाने ग्लॉक पिस्तुलाचा सेफ्टी कॅच अंगठ्याने खाली सरकवला की कर्नल अंथरुणात उठून बसतात. ग्लॉकला तसा बाहेरचा खटका नसतोच! लेखकाने पिस्तूल पाहिलेलं नाही, सिद्ध झालं. (कर्नलांनीही पाहिलेलं नाही, पण त्यांनी कादंबरी लिहिलेली नाही.) रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावणारा लेखक तर त्यांच्या लेखी संपला. रिव्हॉल्व्हरचा आवाज चक्र आणि नळी यांमधल्या फटीतूनही बाहेर पडतो, तो नळीच्या टोकाला काय बांधून थांबणार? हे ते काउंटरपाशी स्टीलचा पेला आणि गुंडाळलेला दिवाळी अंक घेऊन करून दाखवतात. मागे रांग वाढते.

ही सगळी समीक्षा पुस्तकाच्या समासात असते, शिसपेन्सिलीने, हिशेबनिसाच्या कोरीव अक्षरात. एक नमुना: "पृ. ८७ ते ९१ सलग गोळीबार. हत्यार एमपी-४०. मॅगझिन ३२ गोळ्यांचं, म्हणजे सुमारे चार सेकंद. मॅगझिन बदलल्याचा उल्लेख नाही. खुलासा व्हावा." खुलासा कोणी करायचा? लेखक बहुधा वारलेला असतो.

खुलासे करणारा एक गडी मात्र याच वाचनालयात आहे. तो हिरव्या शाईने लिहितो. कोण आहे ते कोणालाच माहीत नाही. ‘व्हेअर ईगल्स डेअर’ या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी निरागसपणे लिहिलं होतं, "सिनेमा पण बघा, भारी आहे." त्याखाली पेन्सिल: "सिनेमातलं हेलिकॉप्टर बेल ४७. पहिलं उड्डाण डिसेंबर १९४५. तोवर युद्ध संपलं होतं." त्याखाली हिरवं: "जर्मनांकडे हेलिकॉप्टरं होती. फ्लेटनर." पेन्सिल: "होती. पण हे नव्हे." हिरवं: "अमेरिकनांचं पळवून आणलं असेल." पेन्सिल, जोर देऊन, कागद जरा फाटला आहे: "जे उडालंच नव्हतं ते पळवणार कसं?" आणि सगळ्यांत खाली, बॉलपेनने: "कृपया पुस्तकात लिहू नये. एक वाचक."

माझा जीव मात्र तिसऱ्या एका अक्षरावर आहे. बारीक, उभं, निळं. ते बंदुकांच्या भानगडीत पडत नाही. एका कमांडो कादंबरीत पान साठच्या तळाशी त्याने एवढंच विचारलं आहे, "ही माणसं परवापासून जेवलेली नाहीत?" पुढे पान एकशे चाळीसवर, "अजून नाही." कर्नलांनी हा मुद्दा आधी हसण्यावारी नेला. मग मागची पानं चाळून बघितलं, आणि तेव्हापासून त्यांच्या पेन्सिलीत जेवणाचाही तपास सुरू झाला. मॅगझिनच्या खाली आता "शिधा?" असा शेरा दिसतो.

एकदा मी त्यांना बाबूराव अर्नाळकरांवरून छेडलं. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिणारा हा माणूस कर्नलांच्या लहानपणी उशाखाली असायचा. विचारलं, झुंजारच्या पिस्तुलात किती गोळ्या असायच्या?

कर्नल चष्मा काढून पुसत बसले. "त्याचं वेगळं आहे."

"वेगळं म्हणजे?"

"झुंजारच्या गोळ्या मोजायचं वय नव्हतं आपलं."

एवढं बोलून ते लगेच दुसऱ्या कपाटाकडे गेले. पिस्तुलाच्या बाबतीत त्यांनी माघार घेतलेली मी पाहिली ती एवढीच.

गेल्या महिन्यात ‘व्हेअर ईगल्स डेअर’ची जुनी प्रत पार खिळखिळी झाली. बाईंनी नवी मागवली, छान प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि दर्शनी फळीवर ठेवली. कोणी नेईना. सभासद यायचे, नवी उघडायचे, समास कोरे बघून हिरमुसायचे आणि विचारायचे, "ती जुनी नाही का?" मेजर स्मिथ नक्की कोणाच्या बाजूचा हे सगळ्यांना केव्हाच ठाऊक होतं, लोकांना खाली चाललेली लढाई पाहिजे होती.

शेवटी कर्नलांनी दोन्ही प्रती घरी नेल्या. या वेळी मात्र सकाळी दहाला परत आल्या नाहीत, चांगला आठवडा लागला. समासातला शब्दन् शब्द त्यांनी नव्या प्रतीत उतरवून काढला होता, पानाला पान, ओळीला ओळ.

बाईंनी चाळून बघितलं. "काका, यात हिरव्या शाईतलंही आहे की!"

"असणारच. त्याशिवाय माझी उत्तरं कशाला आहेत ते कळणार कसं?"

"आणि हे, कृपया पुस्तकात लिहू नये?"

"तेही. रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड."

मग त्यांनी खिशातून एक चिठोरी काढून काउंटरवर ठेवली. हिरव्या पेनचे दहा रुपये, स्टेशनरीवाल्याच्या सहीनिशी. वाचनालयाने ते किरकोळ खर्चात टाकावेत, असं त्यांचं म्हणणं आहे.