पाच पौंड हवा

वाहनाच्या चाकात हवा जितकी अधिक तितके वाहन सुदृढ, ही श्रद्धा आपल्या समाजात इतकी दृढमूल आहे की, उभ्या गाडीच्या टायरला बुटाच्या टोकाने लाथ हाणून आणि तिच्या टणक प्रत्युत्तराने संतुष्ट होऊन मान डोलावणारा गृहस्थ ज्याने पाहिला नाही असा मनुष्य महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. या श्रद्धेला सुरुंग लावण्याचे कार्य नागावच्या माझ्या पुतण्याने केले. वाडीतले नारळ वाहण्याच्या सबबीवर, आणि वस्तुतः पुळणीवर धूम ठोकण्याच्या इराद्याने, त्याने चार फुगीर चाकांची एक एटीव्ही खरेदी केली. आणि तिच्या मडगार्डवरच्या पट्टीवर निःसंदिग्ध फर्मान होते की, चाके थंड असताना हवा 5 पौंड.

मोटारीत 30-32 पौंड भरण्यात ज्यांची हयात गेली त्यांना हा आकडा छापखान्याचा प्रमाद वाटावा यात नवल नाही. रस्त्यावर चालवण्याची परवानगी नसल्यामुळे ती एटीव्ही टेम्पोत विराजमान होऊन पेट्रोल पंपावर गेली, तेव्हा हवा भरणाऱ्या पोराने पट्टी वाचली, अंगठ्याने टायर दाबला आणि अत्यंत सहानुभूतीने म्हटले, "काका, पाच म्हणजे पंक्चरच की!" त्याचाही इलाज नव्हता, त्याच्या गेजवरचा काटा पाच पौंडांची दखल घ्यायलाच तयार नव्हता, आणि त्याच्या कॉम्प्रेसरच्या एका फुत्कारात पाचाचे पंधरा होत होते.

प्रकरण इथे मिटले असते. परंतु शेजारचे, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले अण्णा चष्मा पुसून टायरशी उकिडवे बसले आणि त्यांनी रबरावर कोरलेला, पट्टीवरच्यापेक्षा कितीतरी मोठा, दुसरा आकडा हुडकून काढला. "टायरवर कोरलेला तो अस्सल दस्तऐवज," त्यांनी निकाल दिला, "आणि ही चिकटवलेली पट्टी म्हणजे नुसती नक्कल." अस्सल आणि नक्कल यांच्या दाव्यात अण्णांशी वाद घालण्याची आमच्या आळीत कोणाची प्राज्ञा नव्हती. वास्तविक तो आकडा नवा टायर रिमवर बसवतेवेळी, त्याची कड खाचेत पक्की बसावी म्हणून, क्षणभर द्यावयाच्या दाबाची कमाल मर्यादा सांगतो. नित्याच्या वहिवाटीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. शेवटी हे समजावले ते नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने, आणि तेही एका वाक्यात : "साहेब, तो टायर चढवायचा आकडा, गाडी चालवायचा नाही."

पाच पौंडांमागचा हिशेब मात्र सरळ आहे. गाडी आणि स्वार मिळून एका चाकावर 200 पौंडांचा भार येत असेल, तर दर चौरस इंचाला 5 पौंड दाब देणारी हवा तो भार पेलण्यासाठी सुमारे 40 चौरस इंच भूमी मागते. तीच हवा 30 पौंडांची केली तर तिला सात इंच पुरतात. एक ठसा भाकरीएवढा, दुसरा पुरीएवढा. आणि सुरूच्या झाडांखालची कोरडी, भुसभुशीत वाळू पुरीला तत्काळ गिळते. शिवाय मऊ चाक खाचखळगे स्वतःच सोसते. होंडाने 1970 साली जी तीनचाकी आणली तिला कमानीच नव्हत्या. स्वाराच्या कण्याची सगळी जबाबदारी त्या फुग्यांवरच टाकलेली होती.

याचा अर्थ हवा जितकी कमी तितके पुण्य अधिक, असा कोणी घेऊ नये. पुतण्याच्या एका मित्राने वाळूत अधिक पकड मिळावी म्हणून निम्मी हवा सोडली आणि भर वेगात वळण घेतले. टायरची कड रिमवरून निसटली आणि तो मित्र गाडीच्या आधी पुळणीवर दाखल झाला. वाळूत पौंड-अर्धा पौंड उतरावे, कातळावर रिम ठेचू नये म्हणून तितकेच चढवावे, एवढीच काय ती सवलत. त्यातही मागची दोन्ही चाके एका सलग आसावर असली की, डाव्या-उजव्यातली अर्ध्या पौंडाची तफावतसुद्धा गाडीला एका अंगाला ओढते. म्हणून जाणकार शिंप्याची टेप घेऊन चाकांचा घेरही मोजतात. उन्हाची लहर निराळीच. सकाळी 20 अंशांना भरलेले 5 पौंड दुपारी 40 अंशांच्या वाळूवर सव्वासहाच्या घरात जातात. त्यांपैकी सव्वा पौंड तेथल्या तेथे सोडून द्यावा तर सूर्यास्तानंतर चाके पुन्हा मान टाकणार, आणि सायकलच्या पंपाने ती उठवण्याची कामगिरी घरातल्या ज्येष्ठ व रिकाम्या इसमाकडे, म्हणजे माझ्याकडे, येणार. थंड चाकांचाच दाब मोजावा, या नियमाचा मी तेव्हापासून कट्टर पुरस्कर्ता आहे.

पुतण्याने पुढे मुंबईहून फक्त दहा पौंडांपर्यंतच मोजणारे एक नाजूक गेज मागवले. अण्णांनी ते "जरा पाहू" म्हणून नेले, आपल्या स्कूटरच्या मागच्या चाकाला लावले, आणि काटा शेवटच्या खुणेपलीकडे जाऊन तिथेच कायमचा मुक्कामी राहिला. ते परत करताना त्यांच्या मुद्रेवर पश्चात्तापाचा लवलेशही नव्हता. "बघ," ते पुतण्याला म्हणाले, "आता कशी भरपूर हवा दाखवतंय!"