सगळं स्पष्ट आलं पाहिजे

मनमाडमध्ये गळ्यात मोठा कॅमेरा अडकवून चाललेला माणूस एक तर लग्नाचा असतो, नाहीतर पेपरचा, नाहीतर रेल्वेच्या सर्व्हेचा. 'हौस म्हणून' हे उत्तर इथं कुणी पदरात पाडून घेत नाही. चहाच्या टपरीवर एकानं मला विचारलं, "कुठल्या चॅनलचे?" कुठल्याच नाही म्हटल्यावर त्यानं आवाज खाली आणला. "म्हणजे सरकारी?" आणि मग वाघदर्डी धरणापासून करंजवणच्या योजनेपर्यंत गावाच्या पाण्याची अख्खी कहाणी त्यानं मला उभ्या उभ्या ऐकवली. मध्ये बोलायची सोय नव्हती. निघताना म्हणाला, "फोटो नका काढू एक वेळ, पण लिहून तरी घ्या."

कॅमेरा फुल फ्रेम आहे आणि फंडाच्या पैशातून आला आहे. त्याची किंमत मी घरी हप्त्याहप्त्यानं सांगितली. आधी बॉडीची सांगितली, ती पचल्यावर लेन्सची. कार्डाची आणि जादा बॅटरीची अजून राहिली आहे. शेजारी म्हणाले, "एवढ्यात ॲक्टिव्हा आली असती. आणि ती तुम्हाला चालवता तरी आली असती." मी बायकोला आपल्याच जिल्ह्याचा दाखला दिला. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपट्याकडे कॅमेरा लावून बसायचे आणि ते कसं वाढतं ते टिपायचे. पुढे सिनेमासाठी सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने गहाण ठेवायला दिले. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. तुम्ही आतापर्यंत मालगाडी काढलीत."

फाळक्यांच्या कॅमेऱ्यात ३५ मिलिमीटरची फिल्म उभी फिरायची. त्याच सुमारास जर्मनीत वेट्झलार गावी लाइट्झ कंपनीतल्या ऑस्कर बार्नाक नावाच्या कारागिरानं तीच सिनेमाची फिल्म आडवी फिरवली आणि दोन चौकटींची एक केली. १८ बाय २४ चं झालं २४ बाय ३६. त्याला दम्याचा त्रास होता, काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन डोंगर चढवेना, म्हणून हा खटाटोप. १९२५ साली लायका बाजारात आला तेव्हा जाणत्या फोटोग्राफरांनी हे माप चिल्लर ठरवलं होतं. आज त्याच २४ बाय ३६ मिलिमीटरला 'फुल' म्हणायचं आणि त्याचे फुल पैसे द्यायचे. बार्नाकनं छातीवरचं ओझं उतरवलं, ते शंभर वर्षांनी माझ्या मानेवर आलं आहे. दीड किलोचा ऐवज गळ्यात घालून स्टेशनच्या जिन्यावर दोनदा खाली-वर केलं की त्याच्या दम्याबद्दल सहानुभूती नव्यानं दाटून येते.

आता मोठ्या सेन्सरचे फायदे. पहिला फायदा असा की काळवीट लांब जातं. आमच्या शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांचं राखीव क्षेत्र आहे. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे तो चित्राचा मधला तुकडाच उचलायचा आणि ३०० मिलिमीटरची लेन्स ४५० ची असल्याचा आव आणायचा. काळवीट कसं भरघोस दिसायचं, शिंगांचे पीळ मोजून घ्यावेत. फुल फ्रेमवर ३०० म्हणजे रोखठोक ३००. त्याच बांधावर उभा राहून, तीच लेन्स लावून, कितीतरी जास्त पैसे मोजून काढलेला फोटो मी घरी दाखवला. सगळ्यांनी माळरानाचं तोंडभर कौतुक केलं. काळवीट आहे हे बोट ठेवून दाखवावं लागलं.

दुसरा फायदा म्हणजे पार्श्वभूमी धूसर होते. लेन्सचं तोंड एफ १.८ पर्यंत उघडलं की दहा फुटांवरसुद्धा जेमतेम हातभर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, पुढचं-मागचं सगळं लोण्यात बुडतं. जाणकार या लोण्यासाठीच पैसे मोजतात. त्यात आता कॅमेरा माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतो. घरगुती समारंभाला यासारखं हत्यार नाही असं मला वाटत होतं, आणि मेहुणीच्या मुलीच्या डोहाळजेवणाला ते चालवायची संधी आली.

हॉलमध्ये तीन रांगा लागल्या. खाली सतरंजीवर पोरं, मधे सोफ्यावर हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत बसलेली उत्सवमूर्ती, तिच्या दोन्ही बाजूंना दोन विहिणी, मागं उभी पुरुषमंडळी. त्यांच्याही मागं भिंतीवर चंदनाचा हार घातलेले दिवंगत आजेसासरे. खोलीत कमीत कमी वीस जण आणि चाळीस डोळे. पण एक पोरगं तीर्थाच्या वाटीत बोट घालत होतं, विहीणबाईंच्या चष्म्यावर ट्यूबलाइट चकाकत होती, पुरुषमंडळींची नजर जेवणाच्या खोलीकडे होती. कॅमेऱ्याच्या दिशेनं अढळ नजरेनं, पापणी न लववता पाहणारी व्यक्ती त्या खोलीत एकच होती. माझ्या डोळ्यांदेखत हिरवी चौकट सगळ्यांच्या डोक्यांवरून उडी मारून भिंतीवर गेली आणि आजेसासऱ्यांच्या उजव्या डोळ्यावर स्थिरावली.

फोटो टीव्हीवर लावला. आजेसासरे मिशीच्या केसान् केसासकट आले होते. हयात मंडळी सगळी धुक्यात. कॅमेऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर त्याचं काहीही चुकलेलं नाही. डोळा शोध म्हटलं, त्यानं सगळ्यात स्थिर डोळा शोधला. विहीणबाई म्हणाल्या, "आमचे तेवढेच सगळे धूसर का?" त्यांच्या बाजूचे पाचही जण धूसर होते हे खरं, पण आमच्याकडचेही होतेच की. मी एफ स्टॉप समजावून सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "मामंजी आले हो कार्याला," त्या म्हणाल्या. मग कुणाची बोलायची टाप नव्हती. त्या फोटोच्या मोठ्या आकारात पाच प्रती करून द्याव्या लागल्या, खर्च माझा. जेवणाआधी पुतण्यानं मोबाइलवर काढलेला फोटो तेवढ्यात ग्रुपवर फिरूनही आला होता. त्यात वीसच्या वीस माणसं, आजेसासरे, कॅलेंडर आणि कॅलेंडरवरच्या दुधाच्या खुणा, सगळं लख्ख.

आमच्या लोकांचं म्हणणं मला हळूहळू कळायला लागलं आहे. आलेला पाहुणा धूसर करणं हा त्यांच्या लेखी अपमान आहे. नव्या कपाटासमोर उभं राहून फोटो काढायचा आणि कपाटच पुसट करायचं, मग कपाट घेतलं कशाला?

शिकवणारी मंडळी इंटरनेटवर सांगतात, शटरचा सराव पाण्यावर करा. एक भागिले दोन हजार सेकंदाला थेंब हवेत गोठतो, अर्ध्या सेकंदाला धार रेशमी येते. हे सांगणाऱ्यांच्या दारात धबधबे असावेत. मनमाडकराला आधी नळाचा वार पाहावा लागतो. नळाला पाणी आलं त्या दिवशी मी ट्रायपॉड मोरीत लावला. "धार रेशमी येऊ द्या नाहीतर सुती," बायको म्हणाली, "पण ड्रम भरला पाहिजे," आणि पाइपाचं तोंड माझ्या हातात दिलं. पाइप धरल्यावर शटर दाबायला तिसरा हात लागतो.

गाड्यांच्या बाबतीत मात्र कंपनीनं मनमाड डोळ्यांसमोर ठेवलं असावं. मेनूत 'काय ओळखायचं' या यादीत माणूस, प्राणी, पक्षी यांच्याबरोबर चक्क रेल्वेगाडी आहे. चार दिशांना रूळ फुटलेल्या गावात एवढं पुरे. पण तिथंही खाचाखोचा आहेत. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, तर कॅमेरा चित्र वरून खाली ओळीनं वाचत येतो, तेवढ्यात भरधाव गाडी पुढं सरकते आणि डबे तिरके होतात. फलाटावरच्या एलईडी दिव्यांखाली काढावं तर फोटोवर पट्टे उमटतात. दिवे विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, ते आपल्याला दिसत नाही, याला दिसतं. शटर शंभरांशावर आणलं की पट्टे जातात, मग पळती गाडी फराटते. हे सगळं जुळवत मी पहाटे पंचवटीसमोर गुडघ्यावर बसलो होतो. १९७५ पासून ही गाडी इथल्या पासधारकांना मुंबईकडे नेते. त्यातला एक डबा-पिशवी सांभाळत माझ्याजवळ थांबला, इंजिनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काका," तो काळजीनं म्हणाला, "रोजचीच गाडी आहे ही."

आमच्या आळीतले अण्णा मात्र आपण होऊन आले. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पुलांचे गर्डर बनवण्यात जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "माझा एक चांगला काढून ठेव. नंतर पोरं आधार कार्डावरचा मोठा करून चौकात बॅनर लावतात. भोकरवाडीच्या एकाचा पाहिला, वर गेलेला माणूस पाकीटमार वाटत होता." मी ८५ मिलिमीटरची लेन्स लावली. पोर्ट्रेटला तिच्यासारखी दुसरी नाही. कोवळं ऊन, मागं लोणी, अण्णांच्या गालावरची वितळलेल्या लोखंडाच्या ठिणगीची जुनी खूण लखलखीत. माझ्या हातून असा फोटो आजवर झाला नव्हता.

अण्णांनी चष्मा वर-खाली करून पाहिला. "मागं काय आहे?"

"काही नाही. धूसर केलंय मुद्दाम."

"मुद्दाम?" त्यांनी माझी कीव केली. मग मला गावाबाहेर नाल्यावरच्या रेल्वेच्या छोट्या पुलापाशी घेऊन गेले, लांबूनच रस्त्याच्या कडेला पूल पाठीशी घेऊन उभे राहिले आणि शर्टाचं वरचं बटण लावलं. "हा आमच्या हातचा. रिव्हेट मोजता आले पाहिजेत."

मी ८५ काढली, ३५ लावली. एफ १.८ वरून एफ ११ वर गेलो. डोळा शोधणं बंद केलं, धूसरपणाचे सगळे पैसे पाण्यात सोडले आणि शटर दाबलं. अण्णा, पूल, रिव्हेट, सिग्नल, सिग्नलवरचा कावळा, नाल्यातली प्लास्टिकची पिशवी, सगळं एकसारखं आलं.

अण्णा खूश झाले. "आता कसा!" ते म्हणाले. "अगदी मोबाइलसारखा आला."