पश्चिमेच्या काचेचा पुरा भाव

वर्धा रोडवर नवी व्यापारी इमारत उभी राहिली की दर्शनी काचेचं कोटेशन चौरस फुटाच्या भावाने येतं आणि सगळ्यात कमी आकडा पास होतो. हा भाव अर्धाच असतो. २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेल्या नागपुरात काच आणि तिच्यामागे लागणारा एसी हा एकच सौदा आहे. त्यांचे भाव वेगवेगळे मागूच नयेत.

हिशेब मांडू. नवतपातली दुपार, बाहेर ४५ अंश, आत २५. पश्चिमेच्या भिंतीवर चौरस मीटरला ६०० वॅट ऊन धरा. सहा मिलिमीटरची साधी एकेरी काच त्यातली ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत सोडते. शिवाय बाहेरच्या गरमीमुळे शंभरेक वॅट वेगळे झिरपतात. अशी १०० चौरस मीटर काच असेल, तर नुसत्या तिच्यासाठी १७ टन एसी हवा. ऊन परतवणारा लेप असलेली चांगली दुहेरी काच तेच ओझं पाच-साडेपाच टनांवर आणते. वाचलेले अकरा-बारा टन म्हणजे कमी मशीन, कमी केबल, आणि वीजबिलात दर महिन्याला लागणारा कमी डिमांड चार्ज. काचेच्या कोटेशनमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

डबल ग्लास घेतली म्हणून निश्चिंत होणाऱ्यांनी पुढचा आकडा बघावा. लेप नसलेली पारदर्शक दुहेरी काच घेतली तरी साडेतेरा टन लागतातच. उलट निम्म्याहून अधिक ऊन अडवणारी लेपाची एकेरी काच दहा टनांत भागवते. थंड देशांत आतली ऊब राखायची असते, तिथे दोन काचांमधली पोकळी मोलाची. आपल्याकडे आधी ऊन अडवायचं. म्हणून फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न एसएचजीसीचा विचारा, म्हणजे उन्हातली किती उष्णता आत येणार. २०१७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता उत्तर सोडून बाकी दिशांना ही मर्यादा ०.२७ ठेवते आणि काच बाह्य भिंतीच्या ४० टक्क्यांवर जाऊ देत नाही. पण ती १०० किलोवॅट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. सीताबर्डीतलं छोटं शोरूम तिच्या कक्षेत येत नाही, आणि ऊन तर त्यालाही तेवढंच लागतं.

मग मे महिन्यात आतून पडदे ओढले जातात, काचेवर व्हिनाइल चिकटतं आणि भरदिवसा दिवे लागतात. उष्णता तोवर आत आलेली असते. उजेडासाठी महागडी काच लावून अंधारात बसणं मला खरोखर खटकतं.

आडवा छज्जा पश्चिमेला फारसा कामाचा नाही, सूर्य खाली उतरलेला असतो. तिथे उभ्या भिंतीसारखे आडोसे लागतात, तेही काचेच्या बाहेर. त्याहून स्वस्त उपाय नकाशातच आहे: जिना, लिफ्ट, संडास आणि विजेची खोली पश्चिमेला द्या, तिथे जाड भिंत घाला, आणि काचेचा सगळा हौसेचा खर्च उत्तरेला करा.