अंगठा एकाचा, धान्य चौघांचं

बँकेतले पैसे, रेल्वेची तिकिटं आणि भाचीच्या लग्नाचे फोटो ज्या सर्व्हरवर असतात, त्यांतले बरेचसे सर्व्हर प्रत्यक्षात नसतातच. एका दणकट मशीनच्या पोटात दहा-वीस मशीन असल्याची थाप मारलेली असते, आणि आतल्या प्रत्येकाला वाटत असतं की अख्खं लोखंड आपल्याच नावावर आहे. या थापेला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. ती मारण्यासाठी मोठ्या कंपन्या थंडगार इमारती बांधतात. मी ती अंबाजोगाईत, चुलत्यांच्या वाड्यात, माळवदाखाली बसून मारली. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की या विद्येला बीड जिल्ह्यासारखी जमीन दुसरी नाही. कमी असताना पुष्कळ आहे असं दाखवायचं आणि ते उघडं पडू द्यायचं नाही, यात आमच्या पिढ्या गेल्या.

मागणी घरातूनच आली. चुलत्यांना, म्हणजे अण्णांना, खत-बियाण्याच्या दुकानाचा हिशेब ठेवायला विंडोज हवं होतं. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याला मोडतोड करायला लिनक्स हवं होतं. काकूंना लेकींच्या बाळंतपणापासूनचे सगळे फोटो एका जागी हवे होते. मला घरातल्या मोबाइलवर धो धो येणाऱ्या जाहिराती वाटेतच अडवणारी एक चौकी बसवायची होती. मागण्या चार, आणि लॅपटॉप एक. तोही पुतण्यानं टाकलेला, बिजागरी निखळलेला, ८ जीबी रॅमचा.

“चार मशीन कामून लागायलेत?” अण्णा म्हणाले. “एकातच चौघं बसव की.”

अण्णांना हे बसल्या जागी सुचतं, कारण ते बहात्तरचे आहेत. म्हणजे जन्मानं नव्हे, शिक्षणानं. २ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमनं व्हीएम/३७० जाहीर केलं. मशीन एकच आणि महागडं, माणसं अनेक, आणि प्रत्येकाला स्वतंत्र मशीन मिळाल्याचा भास. त्याच वर्षी इकडं पाऊस गेला. शाळकरी अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, आणि घरात अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो शिजू लागला. त्या मिलोच्या एका पोत्यावर अख्खा वाडा जगला. आपल्याच ताटात दोन घास जास्त पडलेत असं प्रत्येकाला वाटायला लावण्याचं काम पणजीकडं होतं. आयबीएमला त्यासाठी इंजिनिअरांची फौज लागली. पणजीला एक पळी पुरली.

आता ही विद्या स्वस्त झाली आहे. २००५ च्या अखेरीस इंटेलनं अशा थापेला प्रोसेसरच्या आतूनच मदत करायला सुरुवात केली. फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम नावाचा भाग लिनक्सच्या गाभ्यात जाऊन बसला. आता बहुतेक कुठलाही साधा लॅपटॉप, बायोसमध्ये जाऊन एक बंद कळ चालू केली की, आपल्या पोटात बिऱ्हाडं ठेवू शकतो. अट एकच. घरमालकानं स्वतः फार पसरायचं नाही.

म्हणून लिनक्सचा डेबियन हा अवतार. ते चढवताना ‘यांतलं काय काय हवं?’ अशी एक यादी समोर येते. मी तिच्यातलं खिडक्यांचं, चित्रांचं, रंगांचं सगळं नाकारलं. दुरून आत शिरायची सोय आणि नेहमीची किरकोळ हत्यारं एवढंच ठेवलं. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीच्या आधी, म्हणजे जून २०२३ च्या आधी, इथंच एक गंमत होती. वायफाय चालायला लागणारं फर्मवेअर मूळ संचात नसायचं. ते इंटरनेटवरून उतरवा, असा सल्ला असायचा. इंटरनेट कशानं? वायफायनं. आता फर्मवेअर संचातच येतं. तहसील कार्यालयाचा अनुभव असलेल्या माणसाला ही प्रगती डोळ्यांत पाणी आणते.

पडद्यावर पट्टी सरकत होती. पुतण्या दर मिनिटाला सुस्कारे टाकत होता. अण्णा मात्र निवांत. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली आणि पहिली गाडी बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी लागली. परळी अजून पुढंच आहे. ज्यानं ही पट्टी तीस वर्षं बघितली, त्याला डेबियनची पट्टी काय करणार?

शेवटी काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक पांढरी रेघ उरली.

“चित्र कुठंय?” अण्णांनी विचारलं.

“चित्र नाही, अण्णा. चित्र काढलं की रॅम वाचते.”

“मग चांगलंय,” ते म्हणाले. न दिसणाऱ्या गोष्टीत बचत आहे म्हटलं की ते लगेच पटवून घेतात.

जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून उत्तम, कारण बॅटरी अंगचीच असते. अंबाजोगाईपासून पंचवीसेक किलोमीटरवर, परळीत, १९७१ पासून वीज तयार होते. पण वीज तयार होणं आणि आमच्या गल्लीतल्या डीपीवर ती टिकणं ही दोन वेगळी शास्त्रं आहेत. बॅटरी तो अर्धा तास निभावून नेते. खरा धोका विजेचा नसतो, टापटिपीचा असतो. काकूंना उघडी वस्तू बघवत नाही. त्या येता-जाता लॅपटॉप मिटायच्या. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, आणि त्याच्या पोटातली चारही बिऱ्हाडं दुपारी बारा वाजता गाढ झोपी जातात. दुकानात अण्णांचा हिशेब युरियाच्या तिसऱ्या गोणीवर थांबलेला. शेवटी सेटिंगमधल्या झाकणाच्या ओळीपुढं ‘इग्नोर’ लिहिलं, म्हणजे मिटलं तरी दुर्लक्ष कर. लॅपटॉपनं ते ऐकलं. एकत्र कुटुंबात टिकायचं तर हा गुण लागतोच.

आता वाटप. विंडोजला ४ जीबी, पुतण्याला २, फोटोंना २, माझ्या चौकीला अर्धा. बेरीज साडेआठ. लॅपटॉपकडं एकूण ८, आणि त्यातलं थोडं त्याला स्वतःला. गणिताच्या मास्तरनं इथं कान उपटला असता, पण लिनक्स उपटत नाही. सगळे आपला वाटा एकाच वेळी पूर्ण वापरणार नाहीत, या भरवशावर ते कबूल करून मोकळं होतं. शिवाय २००९ पासून त्याच्या गाभ्यात एक चिकट कारकून बसवता येतो. तो आतल्या सगळ्यांच्या स्मृती चाळत फिरतो. दोघांकडं हुबेहूब एकच पान सापडलं की एक प्रत ठेवतो, दुसरी काढून टाकतो, आणि दोघांनाही सांगतो की मूळ प्रत तुमच्याकडंच आहे. कुणी त्या पानावर खाडाखोड करायला गेलं, तरच त्याला वेगळी प्रत मिळते.

डिस्कचं तर विचारूच नका. प्रत्येकाला ४० जीबीची डिस्क दिली. ती आत शिरून मोजली तर ४० भरते. बाहेरून बघाल तर माझ्या चौकीची फाइल जेमतेम २ जीबीची, जेवढं लिहिलं तेवढीच. अण्णांना हे समजावताना मी उदाहरण शोधत होतो. त्यांनीच हात वर केला. “कळालं. कागदोपत्री विहीर.”

इथवर सगळ्या थापा पचल्या. अडलं ते वायफायपाशी.

वायफायच का, तर राउटर आहे पुढच्या सोप्यात, दुकानाला लागून, आणि लॅपटॉप मागच्या खोलीत. मध्ये दोन हात रुंदीची दगडमातीची भिंत. केबल ओढायची तर भिंतीला भोक हवं. त्या भिंतीवर भाऊबंदकीचा दावा चालू आहे आणि कोर्टाचा ‘जैसे थे’ आदेश आहे. खिळासुद्धा ठोकायचा नाही. लहरींबद्दल कोर्टानं काही म्हटलेलं नव्हतं. खोलीभर लॅपटॉप नाचवल्यावर एका देवळीत बऱ्यापैकी सिग्नल सापडला. पूर्वी तिथं कंदील असायचा. लॅपटॉप तिथं बसला.

पुतण्याचं म्हणणं, ब्रिज करायचा. केबलवर ते अगदी सोपं असतं. एक काल्पनिक पूल बांधायचा, त्याच्या एका टोकाला खरं जाळं, दुसऱ्या टोकाला आतली मशीन. मग ती घरातल्या खऱ्या मशीनांसारखी राउटरशी थेट बोलतात. त्यानं वायफायला पुलावर चढवायची आज्ञा दिली. उत्तर आलं: ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड.’ त्यानं वेगवेगळ्या प्रकारे विनवण्या केल्या. उत्तर तेच.

रेशन दुकानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही यामागचं कारण चटकन कळेल. यादीत नाव, पॉस मशीनवर अंगठा, तरच धान्य. राउटर तसाच. लॅपटॉपनं पासवर्ड देऊन नाव नोंदवलं, तेव्हा त्याच्या अंगठ्याला धान्य सुटलं. आतल्या चौघांचे अंगठे निराळे. ५२:५४:०० नं सुरू होणारे त्यांचे मॅक पत्ते लॅपटॉपनंच घडवलेले. ते पुलावरून राउटरपुढं गेले, तर राउटर म्हणणार, तुमचं नाव यादीत नाही. बरं, लॅपटॉपनं त्यांच्या वतीनं पाकीट पोचवावं, तर राउटरकडं जाणाऱ्या नेहमीच्या वायफाय पाकिटावर जागा तीनच पत्त्यांना: राउटरचा, पाठवणाऱ्याचा आणि ज्याला पोचवायचं त्याचा. ‘आणून दिलं यानं, पण मूळचं त्याचं’ असं लिहायला चौथा रकानाच नाही. चार पत्त्यांची एक पद्धत आहे, पण ती दोन्ही बाजूंना मान्य असावी लागते. आमच्या राउटरच्या पानावर तिचा पत्ताच नव्हता.

म्हणजे साऱ्या घरात प्रामाणिक असा तो एकटाच निघाला. पणजीपासून प्रोसेसरपर्यंत सगळ्यांनी सांभाळून घेतलेली थाप या खोक्यानं दारातच धरली.

अशा माणसाशी वाद घालायचा नसतो. त्याच्या नियमात बसून आपलं काम करून घ्यायचं असतं. काकूंनी वर्षानुवर्षं रेशन असंच आणलं आहे. अंगठा त्यांचा, धान्य सगळ्यांचं, आणि वाटणी घरी आल्यावर. आतली मशीन सांभाळणारं लिबव्हर्ट आपोआप हेच करतं. ते आतल्यांसाठी १९२.१६८.१२२ नं सुरू होणारी एक वेगळीच गल्ली वसवतं. चौघं आपापली मागणी लॅपटॉपकडं देतात, लॅपटॉप ती स्वतःच्या नावावर राउटरकडं नेतो, आलेलं घेऊन परततो आणि वहीत बघून ज्याचं त्याला देतो. याचं नाव नॅट. राउटरला शेवटपर्यंत वाटत राहतं की लॅपटॉप एकटाच आहे आणि बिचाऱ्याची भूक जरा दांडगी आहे.

एक उणीव राहते. आतले बाहेर जातात, पण बाहेरच्याला आत कोण राहतं ते दिसत नाही. अण्णांना दुकानातून विंडोज हवं, तर लॅपटॉपला सांगून ठेवावं लागतं की ३३८९ क्रमांकाच्या दारावर कुणी आलं तर विंडोजकडं पाठव. माझ्या चौकीसाठी आणखी एक दार. दारांची यादी वाढत जाते. ती लिहिलेला कागद काकूंनी देवळीतच चिकटवला आहे, शेजारी दूधवाल्याचा हिशेब. मध्यंतरी ३३८९ लिटर कुणाचं राहिलं यावर अर्धी सकाळ गेली.

मराठीतला आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधू’ परंपरेनुसार ११८८ सालचा, आणि तो लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आमच्या गावालगतच. एकच तत्त्व अनेक रूपांनी भासतं, हे इथल्या मातीला आठ शतकं ठाऊक आहे. म्हणून मी आतल्या एका मशीनला ‘तू खरा आहेस का?’ असं विचारायची आज्ञा दिली. ती असते. उत्तर आलं: ‘केव्हीएम’. म्हणजे आपण कुणाच्या तरी पोटात आहोत हे त्याला कळतं, फक्त विचारल्याशिवाय तो मनावर घेत नाही. तोच प्रश्न लॅपटॉपला केला. तो म्हणाला, ‘नन’. पुतण्यानं हा प्रश्न आजोबांना विचारून पाहिला. अण्णा म्हणाले, आधी युरियाचं बिल काढ.

ते बिल निघालं तेव्हा अण्णांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांना एक शंका होती.

“चौघांनी आपापलं सगळंच्या सगळं एकदम मागितलं तर?”

“तर जागा संपेल. सगळेच जागच्या जागी थांबतील.”

अण्णांनी थोडा विचार केला. “एकदम कशाला मागतेत? या वाड्याचे पाच वाटेकरी पन्नास वर्षांत एका दिवशी एका जागी आले न्हाईत.”

मोठमोठ्या सर्व्हरांची भिस्त याच सिद्धांतावर असते. तिथं त्याला ओव्हरकमिट म्हणतात आणि आलेख काढतात. अण्णा आलेखाच्या भानगडीत पडले नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी चौकात तिघांना एकेक मशीन कबूल केलं होतं, चाळीस-चाळीस जीबीचं. त्यांतला एक भिंतीच्या दाव्यातला प्रतिवादी आहे. त्याला मात्र अण्णांनी तारीख दिली आहे.