हप्त्याने येणारी नाणी

बिदर जिल्ह्यातल्या भालकीत एका निवृत्त गुरुजींकडे दर महिन्याला एका कंपनीचं पाकीट यायचं. आत प्लास्टिकच्या डबीत चकचकीत गोल तुकडा आणि सोनेरी काठाचं प्रमाणपत्र. तुकड्यावर किती रुपयांचं ते लिहिलेलं नाही, टांकसाळीची खूणही नाही. हे नाणं नव्हेच, पदक आहे. २०११ च्या नाणे कायद्याने नाणी पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. तरी कंपनी पदकाला नाणं म्हणते आणि निवृत्तिवेतनातून हप्ता परस्पर कापून घेते. या लबाडीचा मला संताप येतो.

सभासद होताना एक बटण दाबलं की झालं. बाहेर पडायचं म्हटलं की फोन करा, ताटकळत बसा, पुन्हा करा. कंपनीच्या विनवण्या करायची गरजच नाही, हे गुरुजींना कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान २४ तास आधी द्यायची आणि ती मंजुरी रद्द करायची सोय ठेवायची, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून बँकांना पाळावाच लागतो. सर्वसाधारण खरेदीत पंधरा हजारांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून लहान रक्कम नजरेतून सुटते. गुरुजींच्या फोनमध्ये यूपीआयचं ‘ऑटोपे’ उघडलं, यादीत कंपनीचं नाव सापडलं, मंजुरी रद्द केली. दोन मिनिटांचं काम.

आणि हे सगळं कुठल्या मुलखात? १३४७ मध्ये बहमनींचं राज्य उभं राहिलं, राजधानी आधी गुलबर्गा, मग बिदर. त्यांचं तांब्याचं नाणं हातात घेऊन बघा. जाड, ओबडधोबड. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे अक्षरं काठाबाहेर गेलेली. एकावर सुलतानाचं अर्धं नाव, दुसऱ्यावर उरलेलं. दोन्ही शेजारी ठेवली की नाव जुळतं. हा आनंद कुठल्या डबीत बंद होऊन येत नाही.

निजामाचा हाली रुपया तर आपल्या आजोबांच्या कनवटीचा. इंग्रजांचा कलदार वेगळा, हाली वेगळा, हिशेब दोन्हींचा. १९४८ पर्यंत बिदर, गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. उत्तरकाळातल्या हाली रुपयावर चारमिनार आहे. भिंग लावून तिची मधली कमान बघा, आत एक अक्षर दिसेल. निजाम महबूब अली खानच्या नाण्यावर मीम, १९११ नंतरच्या उस्मान अली खानच्या नाण्यावर ऐन. तो ऐनही सुरुवातीला दोन तऱ्हेने काढलेला, आणि कुठला आपल्याकडे नाही हे संग्राहकाला पाठ असतं. काय हवं ते ज्याचं त्याने ठरवावं. महिन्याच्या महिन्याला कंपनी पाठवेल ते ठेवून घेणं म्हणजे निव्वळ साठवण.

नवं हवं असेल तर सरकारी टांकसाळीची स्मृतिनाणी ऑनलाइन मिळतात. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं निघालं. व्यास ४४ मिलिमीटर, निम्मी चांदी. दर्शनी किमतीपेक्षा ही कितीतरी महाग पडतात, म्हणून आवडेल तेच घ्यावं. जुनं घ्यायचं तर ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, पावतीसकट. गुरुजींचे हप्त्याचे पैसे आता मीमवाल्या रुपयासाठी बाजूला पडताहेत.

हप्ता बंद केला की दुसरे टपलेलेच असतात. ‘तुमच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी कमिशन भरा.’ रिझर्व्ह बँकेचं नाव सर्रास वापरतात. ४ ऑगस्ट २०२१ ला बँकेने जाहीर केलंय की ती अशा व्यवहारात नाही, कसलंही शुल्क घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेलेच असतील तर शरमेने गप्प बसू नका, त्याच दिवशी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा.