उठवणार कोण?

लासुर्ण्यात बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीवर बसलं की हल्ली उसाच्या तोडीआधी पलटणचा विषय निघतो. प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणनं कुणाला घ्यावं, कुणाला सोडावं, किती कोटी मोजावेत. भवानीनगरच्या कारखान्यावरून पाळी संपवून आलेला माणूस घरी जायच्या आधी इथं अर्धा तास उभा राहतो आणि संघ निवडून जातो.

"एकच आणा, पण नाव घेतलं की समोरच्याचं पाणी पाणी झालं पाहिजे," एक जण म्हणतो.

"आणि त्यो बाद झाल्यावर?" दुसरा विचारतो.

पहिला चहाचा ग्लास खाली ठेवतो आणि आणखी मोठं नाव सांगतो. दुसऱ्याचा प्रश्न तसाच पडून राहतो. मी त्या दुसऱ्याच्या बाजूचा आहे.

कारण कबड्डी हा मोठा हिशेबी खेळ आहे. क्रिकेटमध्ये मोठा फलंदाज बाद झाला तर पुढचा येतो. बास्केटबॉलमध्ये तारा दमला तर प्रशिक्षक त्याला बसवतो आणि बाकावरचा उठवतो. कबड्डीत बाद झालेल्या गड्याच्या जागी ताजा गडी घालताच येत नाही. तो रेषेबाहेर बसतो आणि वाट बघतो. आपल्या संघानं समोरचा एक मारला की आपला एक उठतो, आणि तोही ज्या क्रमानं बाद झाला त्याच क्रमानं. बोनस मिळाला तर गुण वाढतो, पण उठत कुणीच नाही. दोन कोटींचा गडी मैदानात परत आणायचा असेल तर ते काम बाकीच्यांनाच करावं लागतं. आपला तारा चाळीसातली किती मिनिटं खेळणार, हे असं दुसऱ्यांच्या हातात असतं.

एवढं कळलं तर टपरीवरचा अर्धा वाद मिटेल. उरलेला पलटणच्या मागच्या तीन हंगामांवरून मिटवता येईल.

दहाव्या हंगामाआधी पलटणनं इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. हे वाक्य टपरीवर सगळ्यांना पाठ आहे. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून पलटणनं पहिल्यांदा करंडक उचलला, हेही पाठ आहे. पण या दोन वाक्यांच्या मध्ये काय होतं ते कुणी बोलत नाही. चढाईला कर्णधार अस्लम इनामदार होता, मोहित गोयत होता, पंकज मोहिते होता, आकाश शिंदे होता. मागं शादलूईबरोबर गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत उभे होते. एक बसला तर त्याला उठवणारे तीन हजर. अंतिम सामन्यात पूर्वार्ध संपत आला असताना पंकजनं एकाच चढाईत चार गडी टिपले आणि सामना तिथं फिरला. लिलावातल्या सर्वांत महाग गड्यांच्या यादीत पंकजचं नाव नव्हतं.

पुढच्या हंगामात शादलूई हरियाणाकडे गेला. इकडे नगर जिल्ह्यातला आपला अस्लम दुखापतीनं बाहेर बसला आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. २९ डिसेंबर २०२४ ला अंतिम सामना झाला तो आपल्याच बालेवाडीत. पाटण्याला ३२-२३ नं हरवून करंडक उचलणाऱ्या हरियाणात शादलूई होता. त्या रात्री टपरीवर फक्त 'त्याला सोडायला नको होतं' एवढंच ऐकू येत होतं. मला जास्त लागलं ते दुसरंच. एक गडी गेला, एक जायबंदी झाला आणि आदल्या वर्षीचा विजेता संघ बाद फेरीबाहेर. फळी खरंच खोल असती तर दोन माणसांवरून ती एवढी खचली नसती.

बाराव्या हंगामात पलटण पुन्हा अंतिम सामन्यात आली. त्याआधी तेलुगू टायटन्सविरुद्ध ५०-४५ असा सामना झाला आणि त्यात आदित्य शिंदेनं एकट्यानं २२ गुण घेतले. झालं! नवा तारा मिळाला, आता कुणाची भीती नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत अंतिम सामन्यातही आदित्यनं १० गुण मिळवले आणि पलटण ३१-२८ अशी हरली. दबंग दिल्लीचा तारा आशू मलिक. पण त्या दिवशी दिल्लीला वर काढलं नीरज नरवालच्या ९ आणि आपल्याच महाराष्ट्रातल्या अजिंक्य पवारच्या ६ गुणांनी. तीन गुणांचा फरक होता. तारा आपल्याकडेही होता, त्यांच्याकडेही होता. जिंकवलं ते दुसऱ्या-तिसऱ्या गड्यानं.

टीव्हीवरचं राहू द्या. मागच्या जत्रेच्या स्पर्धेतला एक सामना सांगतो. मी रेषेला लागून बसलो होतो.

आपल्या पोरांनी बाहेरून एक चढाईपटू आणला होता. पैसे ठरवून आणला होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही, सगळेच आणतात. पोरगा खरोखर गुणी. पूर्वार्धात त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. उत्तरार्धात डाव्या कोपऱ्यावरच्या एका किरकोळ पोरानं खाली वाकून त्याचा घोटा धरला आणि मागून दोघांची साखळी येऊन पडली. तारा बाद. त्याच्या आधी दोघे बसलेच होते, म्हणजे उठायला तिसरा नंबर.

मैदानात आपले चार गडी राहिले. त्यातल्या दोघांनी आयुष्यभर फक्त पकडी केलेल्या. एक चढाईला गेला, बोनसच्या रेषेपलीकडे पाय टेकवून परत आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गुण मिळाला, पण बाहेर बसलेल्या तिघांतला एकही उठला नाही. दुसरा गेला, तीस सेकंद हात हलवून रिकामा परतला. तिसऱ्यांदा गेलेला पकडला गेला. मग उरलेलेही बाद झाले आणि लोण चढला. लोण चढल्यावर सगळे उठतात, तसा आपला ताराही उठला, पण तोवर समोरच्यांनी लोणाचे दोन गुण खिशात घातले होते. आपण चार गुणांनी हरलो.

त्या सगळ्या वेळात आपले पाच राखीव गडी सतरंजीवर बसून होते. बाद झालेल्याच्या जागी ते येऊ शकत नव्हते, हे खरं. पण मैदानात दमून उभ्या असलेल्या दोन पकडवाल्यांच्या जागी दोन चढाईवाले घालता आले असते. नियमात बसत होतं. घातले नाहीत, कारण त्या पोरांवर कुणाचा भरवसा नव्हता. भरवसा नव्हता, कारण सरावात त्यांना कुणी चढाईच देत नाही. ते मैदानावर पाणी मारतात, रेषा आखतात, पोती उचलतात आणि अंधार पडायच्या आधी दहा मिनिटं त्यांना 'चला, तुम्हीपण खेळा' असं म्हटलं जातं. सामना संपला तेव्हा सातही जणांचे गुडघे मातीनं भरले होते. सतरंजीवरच्या पोरांच्या जर्सीला इस्त्रीची घडी तशीच होती.

आणि गावात येईपर्यंत शिव्या कुणाला? त्या बाहेरून आलेल्या पोराला. 'पैसे घेतले आणि मोक्याला बसला.' हे मला मान्य नाही. तो हौसेनं बसला नव्हता. त्याला उठवायचं काम आपलं होतं आणि ते आपल्याला जमलं नाही.

अमेरिकेतल्या एनबीएच्या बास्केटबॉलमध्ये १९८३ पासून बाकावरून उठून संघाला तारणाऱ्या खेळाडूसाठी वेगळा पुरस्कार आहे. 'सहावा गडी' असं त्याचं नाव. मैदानात पाच जण उतरतात, हा सहावा. चाळीस वर्षांहून जास्त काळ तो दिला जातो आणि मोठमोठे खेळाडू तो मानानं घेतात. आपल्याकडे जत्रेच्या स्पर्धेत उत्कृष्ट चढाईला सायकल, उत्कृष्ट पकडीला टेबलफॅन, अष्टपैलूला आणखी काहीतरी असतं. राखीव गड्याला टॉवेल-टोपीही नसते. पुढच्या जत्रेत 'आठव्या गड्या'चं बक्षीस ठेवा. पैशांची अडचण असेल तर पहिल्या वर्षीचं माझ्याकडून घ्या.

आणि टपरीवरच्या मंडळींना माझं एक मागणं आहे. पलटणनं कुणाला घ्यावं यावर जरूर भांडा, मीही भांडेन. पण संध्याकाळी सहाला पोरं मैदानात जमतात तेव्हा टपरीवरून उठून तिथं या. सतरंजीवरच्या त्या पाचांत एक सडपातळ पोरगा आहे, दहावीला असेल. डाव्या पायानं बोनस टाकतो आणि त्याच दमात उजवा हात कव्हरच्या खांद्याला लावून येतो. मी तीनदा पाहिलंय, तिन्ही वेळा दिवेलागणीला, त्या शेवटच्या दहा मिनिटांत. उद्या सरावाची पहिली चढाई त्याला द्या.