परिच्छेदाचा झाला ठोकळा

६ डिसेंबर २०१८ रोजी संकेतस्थळं चालवणाऱ्या वर्डप्रेस या प्रणालीची ५.० आवृत्ती आली आणि लिहिणाऱ्यांचा कोरा कागद गेला. तोवर वर बटणांची एक पट्टी, खाली मोकळी जागा. लिहा आणि मोकळे व्हा. आता प्रत्येक परिच्छेद म्हणजे स्वतंत्र ठोकळा. एंटर दाबलं की नवा ठोकळा. कर्सर जरा हलला की तरंगती पट्टी उगवते आणि नेमकी वरच्याच ओळीवर ठाण मांडते. चित्राला ठोकळा, यादीला ठोकळा, अहो, रिकाम्या जागेलासुद्धा ठोकळा! आणि या प्रकाराला नाव कोणाचं, तर गुटेनबर्गचं. त्या भल्या माणसाने छपाईचे सुटे खिळे जुळवून सलग पान केलं होतं. यांनी सलग पानाचे सुटे तुकडे केले.

लोकांनी मग काय केलं? जुनं परत आणणारं ‘क्लासिक एडिटर’ नावाचं प्लगइन बसवलं. म्हणजे होतं तेच मिळवायला वेगळी जोडणी. याला प्रगती म्हणायचं! हे प्लगइन २०२१ अखेरपर्यंतच सांभाळू, असं आधी जाहीर झालं होतं. ती मुदत केव्हाच उलटली. पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते अजून ठाण मांडून आहे.